वाचकांचे प्रश्न: स्मृती, सिनॅप्स आणि स्पाइनमधली प्रथिनं

गेल्या अंकातल्या मेंदूवरच्या लेखात एक वाक्य होतं: शिकताना चेतापेशींवरच्या स्पाइन नावाच्या उंचवट्यांचा आकार बदलतो आणि तो बदल त्यांच्या आतली प्रथिनं घडवून आणतात. लेखात याहून जास्त काही सांगितलं नव्हतं. त्या एका वाक्यावर विदर्भाच्या गावागावांतून पत्रं आली. त्यांतली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

पुस्तकातल्या सिनॅप्सच्या चित्रात दोन चेतापेशींची टोकं आणि मधे फट एवढंच आहे. स्पाइन कुठेच नाही. ते नेमकं कुठे असतं, केवढं असतं, आणि प्रत्येक चेतापेशीला असतं का?
— बारावी विज्ञानची विद्यार्थिनी, दारव्हा, जि. यवतमाळ

पुस्तकातलं चित्र चुकीचं नाही, अर्धवट आहे. त्यात संदेश पाठवणारी बाजू नीट काढलेली असते, घेणारी बाजू मात्र सपाट दाखवतात. मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे वरच्या थरात, आणि हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात ज्या पिरॅमिडल चेतापेशी आहेत, त्यांच्यात घेणारी बाजू बहुतेक ठिकाणी सपाट नसते. पऱ्हाटीच्या फांदीवर देठाला धरून बोंडं लागलेली तू पाहिली असशील. डेंड्राइटवर, म्हणजे चेतापेशीच्या संदेश घेणाऱ्या फांदीवर, स्पाइन्स तशीच असतात, वर फुगीर डोकं आणि खाली अरुंद मान. तुलना मात्र इथेच सोडून दे, कारण बोंड भरायला आठवडे लागतात आणि स्पाइनचं डोकं दोन-तीन मिनिटांत फुगू शकतं.

लांबी साधारण अर्धा ते दोन मायक्रोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ५०० ते २,००० स्पाइन्स टोकाला टोक लावून मावतील. मान अनेकदा ०.१ मायक्रोमीटरच्या आसपास रुंद असते. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या डोक्याच्या आकारमानात शंभर पटींहून जास्त फरक सापडतो. डोक्यासमोर, सुमारे २० नॅनोमीटरच्या फटीपलीकडे, दुसऱ्या चेतापेशीच्या अक्षतंतूचं टोक असतं आणि तिथून ग्लुटामेट हे संदेश नेणारं रसायन सुटतं.

स्पाइन्स सगळ्या चेतापेशींना नसतात. अनुमस्तिष्कातल्या पर्किंजे पेशी त्यांनी गच्च भरलेल्या असतात, तर बाह्यकातल्या अनेक निरोधक चेतापेशींवर ती नावापुरती दिसतात. उत्तेजक सिनॅप्स बहुतांशी स्पाइनच्या डोक्यावर असतात, निरोधक सिनॅप्स बहुतांशी डेंड्राइटच्या दांड्यावर किंवा पेशीच्या मुख्य भागावर.

सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८८८ मध्ये पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कात स्पाइन्स पाहिली. हा रंगद्रव्याचा कचरा आहे, असं तेव्हा अनेकांचं म्हणणं होतं. काहाल यांनी मिथिलीन ब्लू हे वेगळं रंगद्रव्य वापरूनही तीच रचना दाखवली. स्पाइनवर खरोखर सिनॅप्स असतो हे १९५९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे पक्कं झालं.

परीक्षेत विचारत नाहीत, पण एक गोष्ट लक्षात ठेव: मान अरुंद असल्यामुळे डोक्यात शिरलेलं कॅल्शियम बराच वेळ डोक्यातच राहतं, शेजारच्या स्पाइनकडे सहज जात नाही. म्हणून एका डेंड्राइटवरच्या हजारो सिनॅप्सपैकी नेमका एकच बदलू शकतो.

जलद उद्दीपनानं सिनॅप्स बळकट होतो आणि संथ उद्दीपनानं दुबळा होतो, असं वाचलं. दोन्ही वेळा आत कॅल्शियमच येतं म्हणे. मग एकाच आयनाचे दोन उलटे परिणाम कसे? वर्गात हे पटवून सांगता येत नाही.
— विज्ञान शिक्षक, सिंदेवाही, जि. चंद्रपूर

आलेल्या प्रश्नांत हा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून उत्तर सविस्तर देतो. थोडक्यात सांगायचं तर कॅल्शियम किती आलं आणि किती वेळ राहिलं यावरून कोणतं प्रथिन आधी जागं होतं ते ठरतं. पुढचं सगळं त्या प्रथिनावर.

विश्रांतीत स्पाइनच्या पटलाचं विभव उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतं. ग्लुटामेट येतं तेव्हा अँपा ग्राही, म्हणजे ग्लुटामेट चिकटल्यावर उघडणारी पटलातली प्रथिनांची दारं, उघडतात आणि सोडियम आत शिरतं. शेजारीच एनएमडीए ग्राही असतात. त्यांनाही ग्लुटामेट चिकटतं, पण त्यांच्या छिद्रात मॅग्नेशियमचा आयन अडकलेला असतो. हा अडथळा १९८४ मध्ये दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवून दिला. पटलाचं विभव पुरेसं वर चढलं की मॅग्नेशियम बाहेर पडतं आणि एनएमडीए ग्राहीतून कॅल्शियम आत येतं. म्हणजे दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: समोरून ग्लुटामेट यायला हवं आणि घेणारी पेशी त्याच क्षणी उत्तेजित असायला हवी. एकच अट पुरी झाली तर फारसं काही घडत नाही.

पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम साधारण ०.१ मायक्रोमोलर असतं आणि बाहेर त्याच्या दहा हजार पटींहून जास्त. त्यामुळे दार थोडं उघडलं तरी इवल्याशा डोक्यातली पातळी झपाट्यानं चढते. हे कॅल्शियम आधी कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं. त्यावर कॅल्शियमसाठी चार जागा असतात. भरलेल्या कॅल्मोड्युलिनवर हक्क सांगणारे मुख्य दोघे: फॉस्फेट काढणारं कॅल्सिन्युरिन आणि फॉस्फेट बसवणारं कॅमकेटू. कॅल्सिन्युरिनची पकड घट्ट, त्याला थोडं कॅल्शियमही पुरतं. कॅमकेटूला बरंच जास्त लागतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका फरकात आहे.

संथ उद्दीपन घ्या. सेकंदाला एक याप्रमाणे ९०० ठोके, म्हणजे १५ मिनिटं. सिनॅप्स दुबळा करण्याची ही पद्धत १९९२ मध्ये हिप्पोकॅम्पसच्या कापांवर दाखवली गेली. कॅल्शियम थोडंच वाढतं, पण बराच वेळ वाढलेलं राहतं. कॅल्सिन्युरिन जागं होतं आणि त्याच्या मार्फत पीपी-१ हे फॉस्फेट काढणारं एन्झाइम मोकळं होतं. फॉस्फेट निघाल्यावर अँपा ग्राही पटलावरून आत ओढले जातात. कोफिलिन नावाच्या प्रथिनावरचंही फॉस्फेट जातं. तसं झालं की कोफिलिन कामाला लागतं, अ‍ॅक्टिनचे आकार धरून ठेवणारे तंतू तोडतं आणि डोकं आक्रसतं.

जलद उद्दीपनात सेकंदाला १०० ठोके देतात, तेही अनेकदा एकच सेकंद. अशा जलद ठोक्यांनी सिनॅप्स तासन्‌तास बळकट राहतो हे टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलं. इथे कॅल्शियमची लाट मोठी आणि आखूड असते, त्यामुळे कॅमकेटू जागं होतं. ते १२ घटकांचं असतं, सहा-सहांच्या दोन कड्यांमध्ये रचलेलं. एक घटक शेजारच्या घटकावर, साखळीतल्या २८६ व्या जागेच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लावर, फॉस्फेट बसवतो. त्यामुळे कॅल्शियम ओसरल्यावरही काही काळ त्याचं काम चालू राहतं. मग ते एनएमडीए ग्राहीच्या शेपटीला जाऊन धरतं, म्हणजे ऐन सिनॅप्सखाली येऊन बसतं.

तिथे त्याची मुख्य कामं तीन. अँपा ग्राहीवर फॉस्फेट बसवून त्यातून जाणारा प्रवाह वाढवणं हे पहिलं. दुसरं, अँपा ग्राहींसोबत असणाऱ्या स्टारगेझिनसारख्या सहायक प्रथिनांवर फॉस्फेट बसवणं, म्हणजे ते पीएसडी-९५ ला, सिनॅप्सखालच्या बैठकीतल्या मुख्य प्रथिनाला, पक्के धरतात. एका सिनॅप्सखाली पीएसडी-९५ चे साधारण ३०० रेणू असतात. अँपा ग्राही पटलात सतत इकडेतिकडे सरकत असतात, ही पकड मिळाली की सिनॅप्ससमोर थांबतात. तिसरं काम सिनगॅपला तिथून हलवणं. सिनगॅप जागेवर असेपर्यंत रास आणि रॅक या प्रथिनांना दाबून ठेवतं. ते हललं की रास-रॅक मोकळे होतात, अ‍ॅक्टिनचे तंतू वाढतात आणि डोकं फुगतं.

वर्गात एका गोष्टीवर भर द्या. या पहिल्या काही मिनिटांत नवीन प्रथिन जवळजवळ काही बनत नाही. तीच प्रथिनं जागा बदलतात, कुणी येतं, कुणी निघून जातं. ‘कॅल्शियम आलं की आठवण तयार’ हे सोपं वाक्य मुलांच्या डोक्यात बसलं तर पुढचं सगळं चुकत जातं.

पुरावा विचारला तर दोन प्रयोग सांगा. एनएमडीए ग्राही औषधानं बंद केलेल्या उंदरांना पाण्याखालचा लपवलेला चौथरा कुठे आहे ते शिकता आलं नाही, हा १९८६ चा प्रयोग. १९९८ मध्ये कॅमकेटूमधलं ते एकच थ्रिओनिन बदललेले उंदीर तयार केले. प्रथिन होतं, कॅल्शियमनं जागंही होत होतं, फक्त स्वतःवर ते फॉस्फेट बसवू शकत नव्हतं. तेवढ्यानं त्या उंदरांचं जागा लक्षात ठेवणं बिघडलं.

कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून स्पाइन दिसेल का? प्रोजेक्टसाठी स्लाइड करायची आहे.
— बी.एस्सी. तृतीय वर्ष, आर्वी, जि. वर्धा

दिसेल. १०० पटींचं ऑइल इमर्शन भिंग आणि गोल्जी-कॉक्स रंगपद्धत लागेल. मात्र हे काम मर्क्युरिक क्लोराइडचं आहे आणि ते जहाल विष आहे. डायक्रोमेट आणि क्रोमेट कर्करोगकारक आहेत. प्राध्यापक हजर, धूर ओढणारी कपाट-व्यवस्था चालू, हातात नायट्राइल मोजे, हे तिन्ही असेल तरच हात घाला. घरी किंवा शाळेत मुळीच नको. वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये, नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. काचेच्या बाटलीत झाकण पक्कं लावून, वर नाव लिहून, घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्या.

तीन साठा-द्रावणं करा, प्रत्येक ५ टक्क्यांचं: पोटॅशियम डायक्रोमेट, मर्क्युरिक क्लोराइड आणि पोटॅशियम क्रोमेट. मर्क्युरिक क्लोराइड कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात लवकर विरघळतं. आता २५ मिलि डायक्रोमेटमध्ये २५ मिलि मर्क्युरिक क्लोराइड मिसळा. वेगळ्या भांड्यात २० मिलि क्रोमेट आणि ५० मिलि पाणी एकत्र करा. पहिलं मिश्रण दुसऱ्यात ढवळत ओता. बाटली अंधारात चार-पाच दिवस ठेवा. तळाशी लालसर गाळ बसेल, वापरायचं फक्त वरचं नितळ द्रावण. धातूचा चिमटा किंवा चमचा द्रावणात बुडवला की पारा धातूवर बसतो आणि द्रावण वाया जातं. काच किंवा प्लास्टिकच वापरा.

ऊतीसाठी प्राणी मारायची गरज नाही, आणि संस्थेच्या नीतिसमितीच्या परवानगीशिवाय तसं करताही येत नाही. मटणाच्या दुकानातून बकऱ्याचा ताजा मेंदू आणा, जितका ताजा तितका बरा. बाह्यकाचे पाच ते आठ मिलिमीटर जाडीचे तुकडे करा. रक्त पाण्यानं हलकेच धुवा आणि तुकड्याच्या किमान २० पट द्रावणात बुडवा. दुसऱ्या दिवशी द्रावण बदला. अंधारात १४ दिवस हा नेहमीचा हिशोब. पण तापमान वाढलं की रंगण्याचा वेग वाढतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हा हिशोब डोळे मिटून पाळू नका, सातव्या दिवसापासून एकेक तुकडा काढून बघा.

पुढे ३० टक्के साखरेच्या द्रावणात तुकडा तळाशी जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन दिवस, ठेवा. काप १०० ते १५० मायक्रोमीटरचे घ्या. याहून जाड घेतले तर ऑइल इमर्शन भिंग खालच्या थरापर्यंत पोचतच नाही, ते काचेला टेकतं. काप जिलेटिन लावलेल्या काचपट्टीवर घ्या. अमोनियात ५ ते १० मिनिटं, पाणी, ५ टक्के सोडियम थायोसल्फेटमध्ये ५ ते १० मिनिटं, पुन्हा पाणी, मग ७०, ९५ आणि १०० टक्के अल्कोहोल, झायलिन आणि शेवटी डीपीएक्स हा काप चिकटवणारा डिंक. मधे कुठेही काप कोरडा पडला तर चिरा जातात. डीपीएक्स जाड लागतं म्हणून पट्ट्या काही दिवस आडव्याच ठेवा.

मोजताना पेशीच्या मुख्य भागापासून किमान ५० मायक्रोमीटर दूरचा, दुसऱ्या-तिसऱ्या फाट्याचा डेंड्राइट निवडा. निदान २० मायक्रोमीटर लांबीचा तुकडा मोजा. फोकस वरखाली करत मोजा, एकाच पातळीवर थांबलात तर निम्मी स्पाइन्स सुटतात. डेंड्राइटच्या बरोबर वर आणि खाली असलेली तरीही दडून राहतात. म्हणून आलेला आकडा खऱ्यापेक्षा कमीच असतो आणि दुसऱ्या पद्धतीनं काढलेल्या आकड्याशी त्याची तुलना करू नये. गोल्जी पद्धतीत मोजक्याच पेशी रंगतात, हा दोष समजू नका. सगळ्या रंगल्या असत्या तर काळ्या डागापलीकडे काही दिसलं नसतं.

या स्लाइडवरून काय सांगता येत नाही हेही अहवालात लिहा. रक्तपुरवठा थांबल्यावर डेंड्राइट आणि स्पाइन्सचा आकार मिनिटांत बिघडू लागतो. म्हणून दुकानातल्या मेंदूवरून रचना दाखवा, संख्येवर निष्कर्ष काढू नका. आतलं कोणतं प्रथिन कुठे आहे, हे तर यातून कळतच नाही.

जिवंत स्पाइन फुगताना पाहायला टू-फोटॉन सूक्ष्मदर्शक लागतो. पिंजऱ्यात बांधलेलं, म्हणजे प्रकाश पडेपर्यंत निष्क्रिय राहणारं, ग्लुटामेट ७२० नॅनोमीटरच्या लेसरनं एकाच स्पाइनसमोर मोकळं करतात. मॅग्नेशियमरहित द्रावणात काही मिलिसेकंदांचे ३० ते ६० झोत, साधारण एका मिनिटात. डोकं लगेच दुप्पट-तिप्पट होतं, मग थोडं ओसरून पूर्वीपेक्षा मोठं राहतं. २००४ मध्ये जपानमधल्या ओकाझाकीच्या गटानं हे प्रथम दाखवलं. लहान स्पाइन्स मोठी होऊन टिकतात, आधीपासून मोठी असलेली मात्र थोडी फुगून परत येतात, हेही त्यातच कळलं. २०१४ च्या एका कामात प्रथिनांचा क्रम दिसला: अ‍ॅक्टिन आणि कोफिलिन काही मिनिटांतच आत येतात, पीएसडी-९५ आणि त्याच्याच बैठकीतलं होमर यांची वाढ बरीच उशिरा, तासाभरानंतर. म्हणजे डोकं आधी फुगतं आणि सिनॅप्सची पक्की बैठक मागाहून तयार होते.

पोरगं बारावीत हाये. दुकानदार म्हणते, हा डबा घ्या, मेंदूत प्रोटीन भरते. अठराशेले भेटते. घ्याव का नाही?
— शेतकरी पालक, काटोल, जि. नागपूर

नका घेऊ. खाल्लेलं प्रथिन जसंच्या तसं मेंदूत जात नाही. पोटात आणि आतड्यात त्याचे तुकडे होऊन अमिनो आम्लं बनतात. ती रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात आणि तिथली चेतापेशी आपल्या जनुकांनुसार स्वतःची प्रथिनं बनवते. वर पाहिलंत की स्पाइनमध्ये मोल आहे ते प्रथिन योग्य जागी, योग्य वेळी असण्याला. जास्तीचं अमिनो आम्ल आलं म्हणून पीएसडी-९५ वाढत नाही. जास्तीचा भाग शरीर ऊर्जेसाठी जाळतं आणि नायट्रोजन लघवीवाटे टाकतं.

गरज किती? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे प्रौढाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. मुलगा ५५ किलोचा असेल तर सुमारे ४६ ग्रॅम. २५० ग्रॅम जवारीच्या पिठात साधारण २५, अर्धी वाटी कोरड्या तूरडाळीत, म्हणजे ५० ग्रॅममध्ये, ११, पाव लिटर दुधात ८ आणि मूठभर फुटाण्यांत ५-६. झालं की. अंडं खात असेल तर प्रत्येकी ६ आणखी. घरचं सोयाबीन असेल तर उत्तमच, पण नीट शिजवून. कच्च्यात पचन अडवणारा घटक असतो.

कमतरता खरोखर नुकसान करते ती पहिल्या काही वर्षांत. तेव्हाचं तीव्र कुपोषण, रक्तातलं लोह कमी असणं, गरोदरपणी आयोडीन न मिळणं. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर ते पैसे तिथे लावा, आणि मीठ आयोडीनयुक्तच घ्या.

फवारणीनंतर वडिलांना दोन दिवस काही आठवेना. औषधानं स्पाइन्स जळतात का?
— आर्णी, जि. यवतमाळ

ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं वेगळ्या सिनॅप्सवर घाला घालतात, जिथे ग्लुटामेटऐवजी दुसरं रसायन संदेश नेतं. अ‍ॅसिटाइलकोलिन तोडणारं अ‍ॅसिटाइलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम ती बंद पाडतात. त्यामुळे लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायू फडफडणं आणि गोंधळलेपणा दिसतो. असं पुन्हा झालं तर वाट पाहू नका. कपडे काढून साबणानं अंग धुवा आणि औषधाच्या डब्यावरचं लेबल सोबत घेऊन लगेच रुग्णालयात न्या. आता बरे वाटत असले तरी डॉक्टरांना दाखवा आणि तोवर फवारणी दुसऱ्याकडे द्या.

पोलीस भरतीची तयारी करतोय. रात्री दोनपर्यंत एकच विषय रेटतो, तरी सकाळी निम्मं जातं. स्पाइनच्या विज्ञानात यावर काही उपाय आहे का?
— मेहकर, जि. बुलढाणा

उपाय आहे, फुकटचा आहे आणि त्यात जागरण बसत नाही.

बळकटी दोन टप्प्यांत येते. पहिल्या एक-तीन तासांत आधीपासून असलेली प्रथिनं जागा बदलून काम भागवतात. त्यापुढे टिकायला नवीन प्रथिनं बनावी लागतात. प्रथिननिर्मिती औषधानं अडवली तर सुरुवातीची बळकटी येते, पण काही तासांत विरते. उवे फ्रे आणि रिचर्ड मॉरिस यांनी १९९७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. हलकं उद्दीपन मिळालेला सिनॅप्स स्वतःवर एक तात्पुरती खूण बाळगतो. त्याच पेशीत दुसऱ्या जोरदार उद्दीपनामुळे त्या काळात नवीन प्रथिनं बनली, तर ही खूण ती पकडते आणि हलका सिनॅप्सही टिकाऊ होतो. खूण एक-दोन तासांत विरते.

एकच विषय सलग रेटण्यातला तोटा उंदरांच्या हिप्पोकॅम्पसच्या कापांवर २०१२ मध्ये दिसला. पहिल्या उद्दीपनानंतर १० किंवा ३० मिनिटांनी दिलेल्या दुसऱ्या उद्दीपनानं काही भर पडली नाही. ६० मिनिटांनी दिलेल्यानं मात्र पहिल्या वेळी सुटलेले सिनॅप्सही बळकट झाले. हे आकडे घड्याळ लावून माणसाला लागू करायचे नाहीत, माणसावरच्या अभ्यासात अंतर दिवसांचंही असतं. पण दिशा स्पष्ट आहे. चार तास इतिहास रेटण्यापेक्षा एक तास इतिहास, मग गणित, मग मैदानावर धावणं, आणि संध्याकाळी पुस्तक मिटून सकाळचा इतिहास कागदावर लिहून काढणं. तोच भाग दोन दिवसांनी आणि आठवड्यानं पुन्हा.

झोपेबद्दल: २०१७ मध्ये उंदरांच्या बाह्यकातले सुमारे ६,९०० सिनॅप्स इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं मोजले गेले. झोपेनंतर स्पाइन आणि अक्षतंतू यांचा संपर्कपृष्ठभाग सरासरी १८ टक्क्यांनी आक्रसलेला होता, पण सगळ्यात मोठे सुमारे २० टक्के सिनॅप्स तसेच होते. दिवसभरात सैलपणे वाढलेलं झोपेत कमी होतं आणि पक्कं झालेलं राहतं, असा त्याचा अर्थ त्या संशोधकांनी लावला. आम्हाला तो पटतो. दहा-साडेदहाला पुस्तक मिटा. दारू घेत असाल तर तीही सोडा, ती एनएमडीए ग्राहीच दाबते.

माझ्या गावातलं तीन वर्षांचं मूल बोलत नाही, झटके येतात. शहरातल्या डॉक्टरांनी जनुक तपासणी सांगितली. कागदावर सिनगॅप आणि शँक लिहिलं आहे. आईला काय समजावू?
— आशा कार्यकर्ती, धारणी, जि. अमरावती

आईला आधी हे सांगा की तिच्या खाण्यात, वागण्यात किंवा ग्रहणात काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही. डॉक्टर काही कारणं तपासून पाहत आहेत, निदान अजून झालेलं नाही.

सिनगॅप आणि शँक ही स्पाइनमधली प्रथिनं आहेत. सिनगॅप काय करतं ते वर आलं आहे, ते वाढीला लगाम घालतं. त्याच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी असली की प्रथिन निम्मं पडतं, स्पाइन्स वेळेआधीच मोठी होतात, आणि बौद्धिक वाढ मंदावते, झटके येतात. हा दोष बहुतेकदा मुलातच नव्यानं आलेला असतो, आईबापांत नसतो. शँक-३ हे पीएसडी-९५ च्या खालच्या थरात होमर आणि इतर प्रथिनांना एकत्र धरतं. २२ व्या गुणसूत्राच्या टोकाकडचा हा भाग गेला तर बोलणं फार उशिरा येतं किंवा येतच नाही. मुलगा असेल तर फ्रॅजाइल एक्सचीही तपासणी सांगतील. त्यात एका जनुकातली तीन अक्षरांची पुनरावृत्ती २०० च्या वर जाते, एफएमआरपी हे प्रथिन बनत नाही, आणि स्पाइन्स लांब, बारीक, कच्चीच राहतात.

मूळ दोष दूर करणारा उपचार नेहमीच्या दवाखान्यात आज मिळत नाही. पण तपासणी वाया जात नाही. झटक्यांचं औषध निवडायला आणि पुढच्या गरोदरपणी सल्ला द्यायला तिचा उपयोग होतो. झटक्यांची गोळी झटके थांबले म्हणून घरच्या घरी बंद करू नये. एकदम बंद केल्यावर लांबणारा झटका येऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. झटका पाच मिनिटांहून जास्त चालला तर मुलाला कुशीवर ठेवून, तोंडात काहीही न घालता, लगेच १०८ ला फोन.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं तेव्हा या मुलाचं नाव आधीच लिहून द्या. त्यांच्या चिठ्ठीवर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचा-उपचार आणि कानाची तपासणी मोफत होते. कान आधी तपासून घ्या. न बोलणाऱ्या प्रत्येक मुलात हे पहिलं काम.

स्पाइनमधली प्रथिनं काही दिवसांत मोडतात आणि नवी येतात, असं वाचलं. मग सत्तर वर्षांपूर्वीच्या शाळेतली कविता मला अजून पाठ कशी?
— निवृत्त शिक्षक, आरमोरी, जि. गडचिरोली

हाच प्रश्न फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ मध्ये विचारला होता. एक जुनं उत्तर कॅमकेटूचं: १२ घटकांपैकी एखादा मोडून नवा आला तरी शेजारचे त्याच्यावर पुन्हा फॉस्फेट बसवतील आणि अवस्था कायम राहील. पण २००९ मध्ये एकेका स्पाइनमध्ये मोजल्यावर कॅमकेटूची सक्रियता मिनिटाभरातच ओसरताना दिसली. शिवाय सुरुवातीच्या बळकटीसाठीही त्याच्या फॉस्फेट बसवण्यापेक्षा एनएमडीए ग्राहीला धरून बसण्याचंच महत्त्व जास्त, असं २०२३ च्या एका कामातून पुढे आलं.

सध्या जास्त भरवशाचं वाटतं ते जागेचं उत्तर. बळकट झालेल्या सिनॅप्सखाली बैठक मोठी असते आणि मोडलेल्या रेणूच्या जागी नवा रेणू तिथेच येऊन बसतो. त्याला तिथे कोण आणतं याचं एक उदाहरण २०२४ मध्ये उंदरांत मिळालं. किब्रा हे प्रथिन बळकट सिनॅप्सवर बसतं आणि पीकेएम-झीटा या एन्झाइमला धरून ठेवतं. पीकेएम-झीटाचे रेणू येतात-जातात, पण किब्राशी त्यांची जोडी त्याच ठिकाणी जमत राहते. ती जोडी तोडणारं औषध दिल्यावर आधी पक्की झालेली जागेची आठवण गेली. नेहमीचं संदेशवहन मात्र तसंच चालू राहिलं.